पयले अर्थ पाहा

कोणत्याही यंत्राला हात घालण्याआधी मिस्त्री आपला उजवा तळहात त्याच्या अंगावर सपाट ठेवायचे. बाजारात बैल पाहणारा माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो, तसा. डोळे बारीक करून क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "पयले अर्थ पाहा. मंग कामाले लागा."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळं गाव त्याच्या धंद्याच्याच नावाने हाक मारतं. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणत होतो. इथेही मी तेच म्हणणार आहे, कारण दुसऱ्या नावाने लिहिलं तर ते मलाच अनोळखी वाटतील.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. अनसिंगपासून बैलगाडीने दीड तासावरच्या एका गावात मी शाळामास्तर म्हणून लागलो होतो. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला आणि बी.ए. होणाराही पहिला. विषय मराठी आणि संस्कृत. पण त्या शाळेत पदवीधर मी एकटा, म्हणून विज्ञानही माझ्याच गळ्यात आलं. विजेचा धडा मी मुलांच्या एक दिवस आधी वाचून तयार व्हायचो. गावात वीज नव्हतीच, त्यामुळे माझं अज्ञान उघडं पडण्याची भीतीही नव्हती.

मिस्त्री मूळचे वाशिमचे. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकांखाली झोपून ते काम शिकले. आमच्या पाटलांनी नांगरटीसाठी छोटा राखाडी ट्रॅक्टर आणला, तेव्हा तो चालवायला आणि सांभाळायला त्यांना घेऊन आले. बायको आधीच वारलेली. बरोबर एकुलती एक मुलगी, रशीदा. ती माझ्या नववीच्या वर्गात होती. वर्गात मुली चारच. त्यात गणितात मुलांनाही मागे टाकणारी ती.

आमची शाळा नववीपर्यंतच होती. पुढचे वर्ग काढायचे तर सरकारची मान्यता हवी, आणि मान्यतेसाठी पक्क्या छताचा हॉल हवा. तपासणीस साहेबांनी कळवलं होतं की दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या बुधवारी येतो. हॉल उभा असेल तर शिफारस करतो, नसेल तर पुढल्या वर्षी पाहू. 'पुढल्या वर्षी पाहू' याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. शाळा एक वर्ष थांबते, पण मुलं थांबत नाहीत.

मिस्त्रींनी हे मला अधिक सोप्या शब्दांत सांगितलं होतं. "वाशिमले पोरगी ठेवाले आता माह्यं कोणी नाई, मास्तर. इथं वर्ग निघाला तं शिकन. नाई तं घरी बसन, अन् एकदा बसली की उठत नाई."

भिंती गावाने श्रमदानातून उभ्या केल्या होत्या. छताच्या कैच्यांसाठी, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांसाठी, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडचं लोखंड मिळालं. पट्ट्या चांगल्या जाड, लांबीलाही पुरेशा. पण जुनी भोकं एका मापाची आणि आमची कैची दुसऱ्या मापाची. पाच कैच्या, प्रत्येकीला चोवीस नवी भोकं. पट्ट्या इतक्या लांब की गाडीत घालून वाशिमला नेणंही शक्य नव्हतं. गावचे लोहार हाताच्या गिरमिटाने पाडायला बसले. एक जोडीदार घेऊन आळीपाळीने फिरवूनही दिवसाला चार भोकं झाली. लोहार गिरमिट खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, साहेबाले सांगा, पुढच्या दिवाळीले या."

तेव्हा मिस्त्रींनी आपल्या खोलीतून एक गाठोडं आणलं. त्यात लष्कराच्या भंगारातली एक मोटर होती, नारळाएवढी. तिला पुढे जबडा बसवून त्यात पोलादी बरमा धरला होता आणि मागे ढकलायला लाकडी मूठ होती. "चोवीस व्होल्टची हाय," ते म्हणाले. "ट्रॅक्टरची बॅटरी बाराची. म्हंजे अर्ध्या जोरानं फिरन. लोखंडाले तेच पाह्यजे. लोखंडाशी घाई करू नोय."

पाटलांची परवानगी मागायला आम्ही दोघं गेलो. पाटील म्हणाले, "न्या ट्रॅक्टर. पण मिस्त्री, त्याले काही झालं, अन् माही हरभऱ्याची पेरणी राह्यली, तं?"

"तं माह्या मानेवर नांगर ठेवा, मालक," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या दिवशी मी माझं ज्ञान दाखवलं. ट्रॅक्टर फाटकापाशी उभा होता, पट्ट्या भिंतीपाशी. मी शाळेच्या कपाटातली विजेच्या घंटीच्या प्रयोगाची बारीक तार काढली आणि फाटकापासून भिंतीपर्यंत ओढली. मोटर दोनदा कण्हली आणि थांबली. तार मात्र अशी तापली की लोहारांनी हात झटकला.

मिस्त्री रागावले नाहीत. वावरात पाणी देणाऱ्या माणसाला समजवावं तसं त्यांनी मला सांगितलं. "मोटीनं पाणी काढता हंडाभर, अन् पाट करता सुतळीएवढा. वावर भिजन का? पाट रुंद पाह्यजे, अन् आखूड पाह्यजे. गिरमिट ट्रॅक्टरपासून लांब नाई न्यायचं. ट्रॅक्टर गिरमिटापाशी आणायचा."

मग मनगटाएवढ्या नाही, पण करंगळीएवढ्या जाड दोन तारा लावून ट्रॅक्टर पट्ट्यांच्या कडेला उभा राहिला. इंजिन सुरू करून त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, आपलं वाक्य म्हटलं आणि बरमा लोखंडावर टेकवला. लोखंडाचा कीस गोल गोल वळत वर आला. करडईच्या तेलाचे थेंब पडले, धूर निघाला आणि बरमा आरपार गेला. बघायला जमलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "माय वं! लोखंडाची जिलबी काढली!" त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव 'बिजलीचं गिरमिट' पडलं.

त्यांचा एक नियम होता. दोन भोकं, एक बिडी. गिरमिट जेवढी वीज पितं, तेवढी ट्रॅक्टरचा डायनामो देऊ शकत नाही. म्हणून दोन भोकं झाली की थांबायचं आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीला दम घेऊ द्यायचा. हा दम नेमका एका बिडीइतका. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. ट्रॅक्टरवर समोरच बॅटरीत किती वीज जाते ते दाखवणारा काटा होता, त्याच्याकडे बघत ते बिडी ओढायचे, काटा जागेवर येईपर्यंत थोटूक बोटांशी आलेलं असायचं. मी बिडी ओढत नाही. पण आजही 'थोडा वेळ थांबा' असं कुणी म्हटलं, की मला तो वेळ बिडीच्या मापानेच कळतो.

आता त्यांच्या त्या वाक्याविषयी. संस्कृत शिकलेल्या माणसाला 'अर्थ' हा शब्द ऐकून काय वाटणार? मला वाटलं, हा न शिकलेला माणूस केवढं मोठं बोलतो! काम करण्याआधी त्याचा अर्थ पाहावा. मी इतका भारावलो की शाळेच्या फळ्यावर रोजच्या सुविचाराच्या जागी लिहिलं, 'कोणत्याही कामाआधी अर्थ पाहा.' आणि खाली रेघ मारली. तो मी पुसलाच नाही. प्रार्थनेनंतर सगळी शाळा तो एका सुरात म्हणायची.

मिस्त्रींनी एकदा खिडकीतून डोकावून तो सावकाश वाचला. "बेस केलं, मास्तर," ते गंभीरपणे म्हणाले. "हे ल्हानपणीच कळलं पाह्यजे. मोठे मोठे लोकं इथंच चुकतात."

आम्ही दोघंही एकमेकांवर फार खूश होतो.

पाच दिवसांत चार कैच्यांची भोकं झाली आणि बॅटरी थकली. ती भरायला वाशिमला पाठवली. शुक्रवारी सकाळच्या मोटारीने ती परत येणार होती आणि मिस्त्री नमाजासाठी अनसिंगला जाणार होते. सायकलवर बसताना ते म्हणाले, "बॅटरी आली तं ठेवून घ्या. म्या आल्यावर लावतो. अन् तुमी लावलीच, तं—"

"पयले अर्थ पाहा," मी वाक्य पुरं केलं.

"शाबास!" असं म्हणून ते निघून गेले.

बॅटरी आली. सूर्य वर चढत होता आणि मला बुधवार दिसत होता. मी ठरवलं, ते येईपर्यंत निदान चार भोकं पाडून ठेवू. आणि मी खरोखरच अर्थ पाहिला. विज्ञानाच्या पुस्तकातला विजेचा धडा काढला, समजून घेत दोनदा वाचला. आकृतीत बॅटरीचं ऋण टोक यंत्राच्या अंगाला जोडलेलं होतं. तसंच जोडलं. ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली क्लिप त्या टोकावर ढिली बसली, म्हणून तिच्यात चहाच्या पुड्यातली चांदी, म्हणजे तो चंदेरी कागद, दुमडून कोंबली. दुसरी क्लिप घट्ट होती, ती हातोडीने ठोकून बसवली. उलटं लागू नये म्हणूनच बॅटरीचं एक टोक जाड आणि दुसरं बारीक केलेलं असतं; बॅटरी मला दोन्ही बाजूंनी सांगत होती की हे चुकतंय. मी तिचं तोंड चांदीने बंद केलं.

लोहारांनी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. गिरमिट फिरलं, आवाजही तसाच वाटला. पण कीस निघेना. मी अंगाचा भार टाकला, तेल ओतलं. बरम्याचं टोक निळं पडलं, आणि भोकाच्या जागी फक्त एक चकचकीत खळगा पडला.

लोहार वाकून बघत म्हणाले, "मास्तर, हे आज खाऊन नाई राह्यलं. चाटून राह्यलं."

मला वाटलं वीज कमी पडतेय. "इंजिन वाढवा," मी म्हणालो. त्यांनी वाढवलं. समोरचा काटा एका टोकाला जाऊन चिकटला आणि बॉनेटच्या बाजूने निळा धूर निघाला.

तेवढ्यात फाटकात सायकल पडल्याचा आवाज झाला. मिस्त्रींनी ती उभीही केली नव्हती. धावत आले आणि बॅटरीवरची क्लिप त्यांनी नुसत्या हाताने उपटली. चांदीचा तुकडा त्यांच्या बोटांत राहिला. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"अर्थ पाह्यला होता?"

"पाहिला."

"कुठं?"

"पुस्तकात."

"पुस्तकात?"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा तळहात तापलेल्या बॉनेटवर सपाट ठेवला. "हे हाय अर्थ, मास्तर. हे सारं लोखंड. बॅटरीचं एक टोक लोखंडाले असते. कोण्या गाडीचा अर्थ मायनस असते, कोण्या गाडीचा प्लस. ह्या ट्रॅक्टरचा प्लस हाय. उलटं लावलं तं गिरमिट उलटं फिरते अन् डायनामो बॅटरीशी भांडते. म्हून रोज बोंबलून राह्यलो, पयले अर्थ पाहा!"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजाडलं. "अर्थ म्हणजे... अर्थिंगचा अर्थ?"

"मंग तुमाले काय वाटलं?"

उत्तर लोहारांनी दिलं. "आन् बाप्पा, मास्तरनं तं फळ्यावर लिवून ठेवलं! पोट्टे रोज प्रार्थना करून राह्यले त्याची!"

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. मग ते जे हसू लागले, ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खालीच बसले. डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या डोक्यात पाटलांचा ट्रॅक्टर, पेरणी, बुधवार, आणि समोर हा माणूस हसतोय. हसणं संपलं तसं त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि एकदम शांत आवाजात म्हणाले, "झालं हासून. आता बुधवारचं पाहू."

डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये एक दरवाजा असतो, त्याला कटआउट म्हणतात. त्याची दोन टोकं जळून एकमेकांना चिकटली होती. मिस्त्रींनी चाकूच्या पात्याने ती अलगद सुटी केली, बारीक कानशीने घासली, फुंकर मारली, पुन्हा घासली. जळालेली तार बदलली. बॅटरी सरळ लावली, आणि या वेळी दोन्ही क्लिपा आपापल्या टोकांवर अशा बसल्या, जणू वाटच पाहत होत्या.

"आता एक राह्यलं," ते म्हणाले. "डायनामोले याद द्या लागते. ह्या भांडणात तो आपला अर्थ इसरला. बॅटरीची तार त्याच्या ह्या टोकाले एकदाच लावाची. टिच् केलं की काढाची." तारेचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुमी लावा."

"मी? पुन्हा?"

"ज्यानं इसरवलं त्यानंच याद द्यावं."

तार टेकवली. टिच्. एक लहानशी निळी ठिणगी. इंजिन सुरू केलं आणि समोरचा काटा डुलत डुलत योग्य बाजूला गेला. परीक्षेचा निकाल ऐकताना मला इतका आनंद झाला नव्हता.

जळल्याचा वास पाटलांपर्यंत पोचला होता. ते आले, ट्रॅक्टरभोवती फिरले. "काय जळलं, मिस्त्री?"

मिस्त्री म्हणाले, "अर्थ चुकला होता, मालक. सापडला."

यात खोटं काही नव्हतं आणि माझं नावही नव्हतं. पण मला ते सहन होईना. "चूक माझी, पाटील. मिस्त्री इथे नव्हते. मी उलटी बॅटरी लावली."

पाटलांनी मला वरून खाली पाहिलं. "बी.ए.ले नाई शिकवत का हे?"

"नाही."

"मंग मिस्त्रीपाशी शिका. फी लागत नाई," असं म्हणून ते गेले.

शनिवार-रविवार आम्ही दोन भोकं, एक बिडी या चालीने काम केलं. बाजूला त्यांनी दुसरी एक छोटी मोटर बांधून तिला सहाणेचं चाक लावलं होतं. बोथट झालेले बरमे तिच्यावर धार लावून येत. रविवारी दुपारी पाचव्या कैचीचं शेवटचं भोक राहिलं. मिस्त्रींनी रशीदाला हाक मारली.

"ये वं. पाड हे."

भोवतालचे कुजबुजले. लोहार म्हणाले, "मिस्त्री, पोरगी हाय ते."

"वर्ग तिचा हाय," मिस्त्री म्हणाले. "भोक बी तिचंच."

रशीदाने ओढणी कमरेला खोचली. आधी बॉनेटवर तळहात ठेवला, मग दोन्ही हातांनी मूठ दाबली. शेवटची जिलबी निघाली.

सोमवारी-मंगळवारी दोर आणि बैलजोड्या लावून कैच्या वर चढल्या, पत्रे बसले. बुधवारी तपासणीस साहेब हॉलमध्ये शिरले, वर पाहिलं, खांब हलवून पाहिला आणि खुर्चीवर बसले. चेहरा कोरडा. हॉलमध्ये आणून ठेवलेल्या फळ्यावरचा सुविचार वाचून त्यांनी नववीच्या वर्गाला विचारलं, "अर्थ पाहा म्हणजे काय? कोण सांगेल?"

रशीदा उभी राहिली.

"साहेब, बॅटरी लावायच्या आधी गाडीचं अंग प्लस आहे की मायनस, ते पाहावं. नाहीतर गिरमिट उलटं फिरतं आणि डायनामो जळतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला सगळंच सांगावं लागलं. संस्कृत, सुविचार आणि चहाची चांदी. साहेब हसले. तेवढ्यावर न थांबता बाहेर जाऊन त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, गिरमिट हातात घेतलं आणि मिस्त्रींना विचारलं, "कुठवर शिकलात?"

"लिवाले येत नाई, साहेब. वाचतो हळूहळू," मिस्त्री म्हणाले. "पोरीनं शिकवलं."

मान्यतेचं पत्र महिन्याभरात आलं. रशीदा पुढे मॅट्रिक झाली, शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि अकोल्याला नोकरीला लागली. तोवर आमच्या गावात विजेचे खांब आले. भिंतीतून वीज मिळू लागल्यावर ट्रॅक्टरच्या पोटातून ती काढायची गरज कुणाला? मुलीने बोलावलं तसे मिस्त्री निघाले. जायच्या दिवशी हॉलमध्ये येऊन वर बघत उभे राहिले. मोटारीने हॉर्न दिला तरी ते हलेनात.

पाचव्या कैचीवर तो माझा खळगा तसाच होता. उलट्या गिरमिटाने चाटून चकचकीत केलेला, आरपार न गेलेला. खरं भोक त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर पाडलं होतं.

"मिस्त्री, हे अर्धं भोक बुजवायचं राहून गेलं," मी म्हणालो.

"अर्धं कायचं?" ते म्हणाले. "तोच तं अर्थ हाय, मास्तर. राहू द्या."

नंतर काही वर्षांनी रशीदाचं पत्र आलं. अब्बा गेले. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी तपासायला छातीवर हात ठेवला, तर अब्बा म्हणाले, 'बरोबर. पयले अर्थ पाहा.' डॉक्टरांना काही कळलं नाही. मी मात्र हसले आणि मग रडले, असं तिने लिहिलं होतं.

हॉलला दर दोन वर्षांनी रंग देतात. रंगारी दर वेळी नवा असतो आणि दर वेळी विचारतो, "मास्तर, हा खड्डा पुट्टी भरून बुजवू का?" मी नाही म्हणतो. रंग लावला नाही तर लोखंड गंजतं, म्हणून तेवढ्या जागेला तेल लावायचं काम मी स्वतःकडे ठेवलं आहे. वाटीत करडईचं थोडं तेल घेतो आणि शिडी चढतो. वर पोचलो की वाटी डाव्या हातात जाते आणि उजवा तळहात आपोआप त्या थंड कैचीवर सपाट टेकतो. एक बिडी ओढून व्हावी, एवढा वेळ. मग तेल लावतो.